फुंकायचं नाही, ओढायचं

गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळातून हृदयाची बायपास शस्त्रक्रिया करून मालवणात परतलेल्या माणसाच्या पिशवीत फाइल आणि गोळ्यांसोबत बहुतेकदा एक प्लास्टिकचं यंत्र असतं. तीन नळकांडी, त्यांत तीन रंगीत चेंडू आणि तोंडात धरायची एक नळी. मुंबई-कोल्हापूरहून आलेल्यांकडेही हेच. मग पडवीतून आवाज येतो, "अवो, फुकतास कित्या? ओढा!"

फुगा, चूल, शंख. आपला सगळा सराव फुंकण्याचा. इथे मात्र चेंडू श्वास आत ओढल्यावर वर जातात. सेकंदाला ६०० मिलिलिटर हवा ओढली तर पहिला, ९०० ला दुसरा, १२०० ला तिसरा. हा खटाटोप कशासाठी? बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि काम उरकल्यावर पोलादी तारांनी बांधतात. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकणं टाळतो. फुप्फुसांचा तळ मिटू लागतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. म्हणून ताठ बसून, उशी छातीशी धरून खोकायचं आणि सावकाश, खोल श्वास घ्यायचा. झटक्यात तिन्ही चेंडू उडवण्यापेक्षा एखादा चेंडू दोन-तीन सेकंद वर टिकवणं चांगलं. नातवंडांशी पैज लावू नये, हे सांगूनही कोणी ऐकत नाही!

पण खरं सांगायचं तर चेंडूंचं यंत्र म्हणजे श्वासाच्या स्नायूंची तालीम नव्हे. इतर श्वसन-व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा बायपासच्या रुग्णांबाबत वैद्यकीय संशोधनाच्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात सापडला नाही. तालमीचं यंत्र वेगळं: मुठीत मावणारी नळी, आत स्प्रिंगची झडप. तारकर्लीला स्कूबा करणाऱ्यांना झडप ठाऊक असते. त्यांच्या तोंडातल्या रेग्युलेटरची झडप जराशा ओढीनेही उघडते. तालमीच्या यंत्रातली झडप उलट हट्टी. ठरलेला जोर लागल्याशिवाय हवा सोडत नाही. हा जोर पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात; एका प्रचलित यंत्रात तो ९ ते ४१ असतो. ३० म्हणजे फूटभर लांब उभ्या स्ट्रॉने शहाळ्याचं पाणी तोंडापर्यंत चढवण्याइतका. फरक एवढाच, की इथे गालांनी चोखायचं नसतं. काम श्वासपटलाने करायचं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुप्फुसांच्या त्रासाचा धोका जास्त असलेल्या २७९ बायपास रुग्णांची पाहणी होती. ज्यांनी शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे, रोज २० मिनिटं ही तालीम केली, त्यांच्यात नंतरचे श्वसनाचे त्रास १८ टक्क्यांना झाले. इतरांत ३५ टक्क्यांना. माझ्या मते यातला कळीचा शब्द 'आधी' हा आहे. आपल्याकडे यंत्र हातात पडतं ते टाके पडल्यावर, जेव्हा शिंकसुद्धा नकोशी वाटते.

स्प्रिंग किती आवळायची ते फिजिओथेरपिस्टनेच ठरवायचं. चक्कर आली तर थांबायचं. तेव्हा ऑपरेशनची तारीख मिळाली की परतीची एसटी पकडण्याआधी फिजिओथेरपी विभागात जा आणि विचारा, "आजपासून काय सुरू करू?"