औषध तेच, तण तेच, हवा वेगळी

ज्या तणनाशकाने शेजारच्या बांधावरचा लव्हाळा वाळला, तेच आपल्या शेतात वाया जाते. दुकानदाराला दोष देण्याआधी फवारणीच्या दिवशीची हवा आठवून पाहावी.

जुलैत पावसाने दडी मारली की तण जीव धरून बसते. पानावरचा मेणचट थर जाड होतो, रसाचा प्रवाह मंदावतो. ग्लायफोसेटसारखे आंतरप्रवाही औषध रसाबरोबर मुळापर्यंत पोचले तरच काम करते. लव्हाळ्याचा जीव तर जमिनीतल्या गाठींत असतो. ताणातल्या लव्हाळ्याची पाने करपली, तरी गाठी शाबूत राहतात आणि पुढच्या पावसात नवे कोंब वर येतात. धुळीने माखलेले पान किंवा ओढ्याचे गढूळ पाणीही नको, कारण ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होते.

उन्हाचा धोका निराळा. टू-फोर-डीचा इस्टर प्रकार कडक उन्हात वाफ होऊन उडतो आणि शेजारची कपाशी गाठतो. कपाशी त्याला इतकी हळवी, की तिची रुंद पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली दिसू लागतात. हे नुकसान मला सर्वांत जास्त खुपते. त्या शेतकऱ्याने तर पंप हातातही घेतलेला नसतो.

संध्याकाळी वारा पूर्ण पडला असतानाही फवारू नका. जमिनीलगतच्या थंड हवेत बारीक थेंब तरंगत राहतात आणि दूर सरकतात.

जमिनीत ओल, कोवळे टवटवीत तण, मंद वारा आणि पुढचे काही तास उघडीप, एवढे जुळेपर्यंत थांबा. आणि लेबलावरच्या मात्रेपेक्षा जास्त औषध पंपात ओतू नका.