कॉलेज बदलले, शिक्षण नाही सोडले

गेल्या वर्षी निकालाच्या दिवसांत, विहारात वंदना आटोपल्यावर आमच्या वस्तीतील एक भगिनी मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा मान वर करीना. एफ.वाय.बी.कॉम.ची मार्कशीट घडी घालून खिशात ठेवलेली. अकाउंट्स आणि गणित, दोन्ही विषय राहिलेले. "दादा, पोरगं म्हणतंय कॉलेज सोडतो, गोडाऊनला कामाला लागतो," एवढे बोलून त्यांना रडू फुटले.

वडील वॉचमन. त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून मुलाला एका दिमाखदार कॉलेजात, विनाअनुदानित तुकडीत घातले होते. काचेची इमारत पाहून आपला माणूस भुलतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. दुसऱ्या हप्त्याला आईची पोत गहाण पडली. मुलाला हे ठाऊक होते, म्हणून तो रात्री पार्सले वाटायचा आणि वर्गात पेंगायचा. मग अकाउंट्स कसे जमावे?

आम्ही त्याला विचारले, "बाबासाहेबांना मॅट्रिकला मार्क किती होते?" त्याला वाटले, पहिला नंबर असणार. १९०७ साली ७५० पैकी २८२! तेव्हा कुठे पोराने मान वर केली.

एटीकेटीच्या नियमात बसणाऱ्या मुलाला एस.वाय.ला प्रवेश मिळतो आणि तो दुसऱ्या कॉलेजातही मागता येतो. मात्र तिथे जागा रिकामी हवी. काही मुले निकालानंतर सोडून जातात, तेव्हाच जागा निघतात. म्हणून आम्ही लगेच फिरलो. पहिल्या अनुदानित कॉलेजात खिडकीवरच्या कारकुनाने मार्कशीट पाहून परत लोटली. (आम्हीही कारकूनच आहोत, पण खिडकीशी आलेल्या पोराला असे कधी वागवले नाही.) तिसऱ्या कॉलेजात प्राचार्यांनी ऐकून घेतले आणि जागा असल्याचे पत्र दिले. फी पूर्वीच्या मानाने कितीतरी कमी.

आता जुने कॉलेज अडले. तिन्ही वर्षांची फी भरा, मगच कागद मिळतील, असे उत्तर आले. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असे यूजीसीने २०१८ सालीच अधिसूचना काढून बजावले आहे. आम्ही तिचा हवाला देऊन अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या आणि एकीवर पोच घेतली. चार दिवसांत ना-हरकत आणि टी.सी. दोन्ही मिळाले. विद्यापीठ एकच असल्याने मायग्रेशनची भानगड नव्हती.

सर्वांत वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. घरात जातीचा दाखला होता, उत्पन्न अडीच लाखांच्या आत होते, तरी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्जच भरलेला नव्हता! शिष्यवृत्ती फर्स्ट क्लासवाल्यांनाच मिळते, अशी वडिलांची समजूत. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून, बँक खाते आधारला जोडून, महाडीबीटीवर अर्ज भरायला आम्हांला दोन रविवार लागले. घरोघरच्या पालकांनी हे दाखले प्रवेशाच्या आधीच काढून ठेवावेत.

अकाउंट्स सुटला. गणित अजून राहिले आहे. आमच्या कार्यालयातील एक सहकारी रविवारी संध्याकाळी विहारात येऊन त्याला शिकवतात. आता तिथे वस्तीतील आणखी चार मुले वह्या घेऊन बसू लागली आहेत. आईची पोत मात्र अजून सोनाराकडेच आहे.