ऊब हवी तशी हवाही हवी

सकाळी सात. आज संध्याकाळी शेडवर कोंबडीची पिल्लं येणार. डिसेंबरातलं धाराशिव म्हणजे दुपारी शर्ट नकोसा होतो आणि पहाटे बालाघाटावरचं वारं जाळीतून थेट आत शिरतं. एका दिवसाचं पिल्लू जेमतेम ४० ग्रॅमचं, अंगावर नुसती लव. पहिले काही दिवस त्याला अंगची ऊब टिकवता येत नाही, ती आपणच द्यायची. पूर्वी कोळशाच्या शेगड्या असायच्या. आता गॅसचे ब्रूडर टांगतो, म्हणजे रात्री वीज गेली तरी काम अडत नाही.

तूस दोन-तीन इंच पसरून, पत्र्याच्या चिकगार्डची गोल रिंगणं लावून झाली की गॅसचं काम. त्यात घाई चालत नाही. टाक्या शेडबाहेर, सावलीत, सपाट जागी, उभ्याच. आडवी टाकी लावली तर वायूऐवजी पातळ गॅस पाइपात उतरतो आणि ज्वाला हाताबाहेर जाते. टाकीच्या वरच्या पट्टीवरची तपासणीची तारीखही वाचायची: ‘बी २७’ म्हणजे २०२७ च्या एप्रिल ते जूनपर्यंत चालेल. टाकी १९ किलोची, निळी. घरातली लाल टाकी उचलून शेडवर लावणं नियमातही बसत नाही, तरी गावोगावी दिसतं.

आठ. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. काडी ओढून गळती शोधणारा माणूस दिसला की मला अजूनही धडकी भरते. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत, खड्ड्यात, गटारात साचतो. त्याला मुळात वासही नसतो; गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. पाइपाला चीर, कडकपणा, उंदराचा दात, काहीही दिसलं की तो बदलायचा. वास आला तर टाकी बंद करायची, बटणाला हात न लावता बाहेर यायचं आणि १९०६ ला फोन करायचा.

नऊ. ब्रूडर लोखंडी साखळीने टांगलेला. त्याचं ओझं गॅसच्या पाइपावर पडता कामा नये. खाली तूस, त्यावर अंथरलेले कागद, बाजूला प्लास्टिकचे पडदे: जे आहे ते सगळं पेट घेणारं. म्हणून बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीखाली ब्रूडर उतरवत नाही आणि आग विझवायचं नळकांडं दाराशीच ठेवतो. पेटला नाही तर गॅस बंद करून आधी हवा जाऊ द्यायची, मगच दुसऱ्यांदा. शेड पिल्लांच्या आधी तापलेली लागते, म्हणून सकाळपासूनच ही तयारी.

दुपार ज्वाला कमी करण्यात जाते.

सहाला गाडी येते. आधी गुळाचं पाणी, मग खाद्य. तुसाच्या दोन इंच वर टांगलेला थर्मामीटर ३३ ते ३५ अंश दाखवायला हवा. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवायचं. तरी मी पिल्लांवर जास्त विश्वास ठेवतो. ब्रूडरखाली गर्दी करून कलकलाट केला तर थंडी वाजतेय. पत्र्याला चिकटून चोची उघडल्या तर उकडतंय. सगळी एकाच कडेला गेली तर कुठून तरी वारं घुसतंय. रिंगणभर पसरून खात-पीत असली की जमलं.

रात्री दहा. ‘‘अण्णा, गार वारं सुटलंय, पडदा वरपर्यंत ओढू का?’’ पोरगा विचारतो. ‘‘नको रं, वरचा फूटभर उघडाच राहू दे.’’ गॅस महाग, म्हणून पडदा ओढून ऊब कोंडायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि नेमका तोच घात करतो. ज्वाला शेडमधला प्राणवायू खाते. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे ८ पर्यटक गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत रात्री झोपले आणि दगावले. म्हणून राखणीची खाट शेडबाहेर असते. थंडी वाजली तरी ब्रूडरजवळ झोपायचं नाही, हे पोराला दर बॅचला बजावतो.

पहाटे तीन. गार हवेत गॅस भराभर ओढला की टाकी गारठते, तिच्यावर दव जमतं, ज्वाला मंदावते. कुणी उकळतं पाणी ओततं, कुणी खाली शेगडी सरकवतं. दोन्ही जीवघेणं. आम्ही दोन टाक्या एकत्र जोडतो, म्हणजे एकीवर ताण येत नाही.

उजाडताना चार-सहा पिल्लं उचलून गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपतो. भरलेली आणि मऊ लागली, तर रात्रभर त्यांना ऊबही मिळाली आणि हवाही. कोरडी, टणक लागली तर पाणी कमी पडलंय; पाण्याची भांडी पिल्लांच्या जरा जवळ सरकवायची.