वीरगळ

वीरगळ : युद्धात किंवा गाईगुरांच्या व गावाच्या रक्षणार्थ धारातीर्थी पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. कन्नडमधील ‘कल्’ (दगड) या शब्दापासून ‘वीरकल्’ व त्यावरून मराठीतील ‘वीरगळ’ हा शब्द आला. तमिळनाडूत अशा शिळेस ‘नडुकल्’, तर सौराष्ट्रात ‘पाळिया’ म्हणतात. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ शिलाहार व यादव काळांतील असून ते मंदिराच्या आवारात, वेशीपाशी किंवा शिवेवर आढळतात.

वीरगळ ही सामान्यतः उभट आयताकार शिळा असते. तिच्या दर्शनी बाजूवर तीन किंवा चार आडवे चौकोन असून ते खालून वर वाचावयाचे असतात. सर्वांत खाली वीराचे युद्ध व मृत्यू दाखवितात. तेथे गाई कोरलेल्या असल्यास तो गोधनाच्या रक्षणार्थ पडला, असे समजतात. मधल्या चौकोनात अप्सरा त्यास स्वर्गात नेतात आणि वरच्या चौकोनात तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर कलश आणि त्याच्या दोहों बाजूंस चंद्रसूर्य असतात. ते असेतोवर वीराची कीर्ती टिकेल, हा त्यांचा संकेत होय. हात व बांगड्या कोरलेली सतीशिळा आणि शापदर्शक गद्धेगाळ यांहून वीरगळ भिन्न आहे.

कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख आहेत. आतकूर येथील शिळेवर तक्कोलमच्या लढाईच्या (९४९) उल्लेखाबरोबरच रानडुकराशी झुंजताना मेलेल्या ‘काळी’ नामक कुत्र्याचीही स्मृती जपलेली आहे. महाराष्ट्रात मात्र लेखयुक्त वीरगळ थोडे आहेत. मुंबईतील बोरिवलीनजीकच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर व यादव राजा महादेव यांच्यातील संघर्षाशी (सु. १२६५) ती निगडित असावीत, असे अभ्यासक मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा निर्देश हेमाद्रीच्या राजप्रशस्तीत आहे. परंतु या दृश्यांशी त्याची घातलेली सांगड हे अनुमानच होय.

लेख नसल्यामुळे वीराचे नाव लोप पावते आणि काळ ठरविण्यास शस्त्रे, वेशभूषा व शिल्पशैली एवढाच आधार उरतो. पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातील काही गावांत बसविलेल्या संगमरवरी पाट्यांवरही गेलेल्या व मृत्यू पावलेल्या सैनिकांची केवळ संख्या आढळते, नावे नव्हेत.

अनेक गावांत वीरगळ ग्रामदैवत म्हणून पुजले जातात. या श्रद्धेमुळे ते टिकले. तथापि शेंदूर व तैलरंगाच्या थरांखाली त्यांचे तपशील झाकले गेले. काही शिळा पायऱ्यांना किंवा धुणे धुण्यास वापरल्या गेल्या, तर काही जीर्णोद्धारात हलविल्या गेल्या. मूळ जागा सोडलेल्या शिळेचे शिल्प उरते, पण ती कोणत्या वाटेवर वा शिवेवर कशासाठी उभी होती, हा पुरावा नष्ट होतो. ज्या खेड्यांचा लिखित इतिहास नाही, त्यांच्या बाबतीत ही हानी भरून येणारी नसल्याने वीरगळांची जागच्या जागी नोंद व जतन करणे अगत्याचे आहे.