पाणी पिणारा अमेरिकन

१७२५च्या सुमारास लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्सजवळ वॉट्स यांचा मोठा छापखाना होता. पन्नासएक कामगारांमध्ये एक एकोणीस वर्षांचा पोरगा अमेरिकेतल्या वसाहतीतून आलेला, बेंजामिन फ्रँकलिन. यंत्रावर त्याच्या जोडीला असलेला इंग्रज कामगार न्याहारीआधी एक पिंट बिअर घ्यायचा, न्याहारीला एक, जेवणाआधी एक, जेवताना एक, संध्याकाळी सहाला एक आणि काम सुटल्यावर आणखी एक. कष्टाचं काम करायचं तर कडक बिअर हवीच, अशी त्याची पक्की समजूत. फ्रँकलिन नुसतं पाणी प्यायचा आणि खिळ्यांचे जड फर्मे दोन्ही हातांत एकेक घेऊन जिने चढायचा-उतरायचा. बाकीचे एकच फर्मा दोन्ही हातांनी उचलत. त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘पाण्याचा अमेरिकन’.

पुढे त्याला वर जुळाऱ्यांच्या खोलीत पाठवलं. तिथल्या मंडळींनी नव्या माणसाच्या रिवाजाप्रमाणे पाच शिलिंग मागितले. खाली एकदा दिलेत, पुन्हा कशाला, म्हणून फ्रँकलिन अडून बसला. मालकही त्याच्याच बाजूने होता. दोन-तीन आठवडे कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. पण तो खोलीबाहेर गेला की त्याचे खिळे एकमेकांत मिसळलेले असत, पानांचा क्रम उलटापालटा झालेला असे, जुळवलेला मजकूर विस्कटलेला असे. विचारलं की उत्तर एकच, हे छापखान्यातल्या भुताचं काम. शेवटी त्याने पैसे भरले. ज्यांच्यासोबत रोज राहायचं त्यांच्याशी वाकडं घेण्यात शहाणपण नाही, हे उमगल्याचं त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

इंग्रजांमध्ये राहायला गेलेल्या अमेरिकन माणसाची पहिली अडचण इतकी स्पष्ट मांडणारा दुसरा प्रसंग मला ठाऊक नाही. नियम कुठे लिहिलेला नसतो आणि मोडला तरी तोंडावर कुणी बोलत नाही. वातावरण तेवढं बदलतं, आणि का बदललं ते पाहुण्याने आपलं आपण ओळखायचं. फ्रँकलिनने ते ओळखलं. १७५७मध्ये पेनसिल्व्हेनियाचा प्रतिनिधी म्हणून तो परत आला, तेव्हा चेअरिंग क्रॉसजवळच्या क्रेव्हन स्ट्रीटवर भाड्याने राहिला आणि मधली दोन वर्षं सोडली तर १७७५पर्यंत लंडनमध्येच रमला.

त्याला अनुभवाने कळलं ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारला छापून सांगावं लागलं. १९४२मध्ये युद्धखात्याने ब्रिटनला निघालेल्या सैनिकांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. अशी माणुसकीने लिहिलेली सरकारी पुस्तिका क्वचितच सापडेल. इंग्रज माणूस गाडीत शेजारी बसून बोलत नाही म्हणजे तो तुसडा नव्हे. दाटीवाटीच्या बेटावर राहणारा माणूस स्वतःचा आणि दुसऱ्याचा एकांत जपतो, असं ती समजावते. पगाराचा दिमाख दाखवू नका, कारण ब्रिटिश सैनिकाला खूप कमी मिळतं. घरांना रंग नाही, कारण कारखाने विमानं बनवण्यात गुंतलेत. मला सर्वांत जवळची वाटते ती जेवणाची सूचना: कुणी घरी बोलावलं तर बेताने खा, नाहीतर त्या कुटुंबाचं आठवड्याचं रेशन तुमच्या पोटात जाईल.

या पुस्तिकेने सगळ्या सैनिकांची सोय मात्र झाली नाही. अमेरिकन लष्कर काळ्या सैनिकांना वेगळ्या तुकड्यांत ठेवत होतं, आणि ती विभागणी ते इंग्लंडमध्येही घेऊन आलं. लँकेशरमधल्या बॅम्बर ब्रिजच्या गावकऱ्यांनी आपल्या पबमध्ये काळ्या सैनिकांना आपुलकीने वागवलं. जून १९४३मध्ये पबबाहेर अमेरिकन लष्करी पोलिसांशी या सैनिकांची चकमक उडाली, रात्री गोळीबार झाला आणि विल्यम क्रॉसलंड हा काळा सैनिक मारला गेला. नंतर कितीतरी काळ्या सैनिकांना बंडाच्या आरोपाखाली शिक्षा झाल्या. परक्या देशाशी जुळवून घेणं या माणसांना जड गेलं नव्हतं. त्यांना छळलं ते त्यांच्याच लष्कराने.

आज अमेरिकन माणसाला ब्रिटनमध्ये जे नव्याने शिकावं लागतं, त्यातलं बरंचसं मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेलं आहे. तळमजल्याच्या वरचा तो पहिला मजला, वाहन डावीकडून, तारखेत आधी दिवस मग महिना, भिंतीतल्या सॉकेटला बटण, चहात दूध. इंग्रजी अमलातून हे आपल्याकडे आलं आणि राहिलं. अमेरिका मात्र त्या अमलातून १७७६मध्येच बाहेर पडली. पुण्यातून लंडनला गेलेल्या मुलीला घरात जे ओळखीचं वाटेल, ते बोस्टनहून आलेल्याला खटकतं.

गाडीचंच घ्या. अमेरिकन परवान्यावर तिथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. मग तीस वर्षं चालवत असलात तरी शिकाऊ परवाना काढून नियमांची आणि रस्त्यावरची परीक्षा द्यायची. ऑटोमॅटिक गाडीवर उत्तीर्ण झालात तर गिअरची गाडी चालवायची मुभा नाही. दवाखान्याचं उलट. व्हिसा घेतानाच आरोग्यसेवेचा अधिभार भरावा लागतो, फेब्रुवारी २०२४पासून तो प्रौढांना साधारणपणे वर्षाला १,०३५ पौंड झाला. पण त्यानंतर सरकारी डॉक्टरकडे जाऊन आलं की बिल येत नाही. आजारपणात आधी विम्याचा विचार करायची सवय असलेल्या माणसाला ही निश्चिंती फार मोलाची वाटते, आणि वाटायलाच हवी.

एक गाठ मात्र कितीही वर्षं राहिलं तरी सुटत नाही. अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कुठेही राहत असला तरी उत्पन्नाचा हिशोब मागते. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन यांचा जन्म न्यूयॉर्कचा, म्हणून ते जन्माने अमेरिकनही होते. लंडनमधलं घर विकून झालेल्या नफ्यावर अमेरिकेने त्यांच्याकडे कर मागितला. तो भरून त्यांनी २०१६मध्ये अमेरिकन नागरिकत्व सोडलं. ज्यांना ते सोडायचं नसतं त्यांच्यापैकी अनेकांना दरवर्षी दोन हिशोब मांडावे लागतात. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि अमेरिकेचं १ जानेवारीला, त्यामुळे एकच पगार दोनदा, वेगवेगळ्या महिन्यांत तोडून आणि वेगवेगळ्या चलनांत लिहावा लागतो.