गोल्फचा हँडिकॅप आणि माझ्या दुकानातला चुकलेला बोनस



मागच्या व्हिडिओत मी गोल्फचं नाव घेतलं, तर एका भावाने विचारलं, "सर, आपल्या बार्शीटाकळीत गोल्फ कुठून आणला बाप्पा?" बरोबर आहे. आपल्याकडे कपाशी आहे, सोयाबीन आहे, महानचं धरण आहे. गोल्फ पाहायला पुण्याला येरवड्यात, नाहीतर मुंबईला चेंबूरमध्ये जावं लागतं. पण या खेळात एक हिशोब आहे. तो मला वेळेवर कळला असता, तर माझा एक चांगला माणूस गेला नसता.

आधी चूक सांगतो

माझं हार्डवेअरचं दुकान बार्शीटाकळीत आणि छोटी शाखा पिंजरला. एका दिवाळीला मी जाहीर केलं, ज्याची विक्री जास्त त्याला बोनस. इथल्या पोराने महिन्यात अडीच लाखांचा माल विकला, पिंजरच्याने दीड लाखाचा. बोनस इथल्याला दिला. वरून सगळ्यांसमोर पिंजरच्याला म्हटलं, "याच्याकडून शिक जरा." तो काहीच बोलला नाही. पुढच्या महिन्यात शाखेच्या किल्ल्या गल्ल्यावर ठेवून निघून गेला.

आता गोल्फचा हिशोब

गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो. मग नवशिक्याने मुरलेल्या खेळाडूशी खेळायचं कसं? त्यासाठी हँडिकॅप. २०२० पासून जगभर त्याची एकच पद्धत आहे, भारतात ते काम इंडियन गोल्फ युनियन पाहते.

प्रत्येक मैदानाला दोन आकडे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे पट्टीच्या खेळाडूला तिथे साधारण किती फटके लागतील. स्लोप म्हणजे साध्या खेळाडूला ते मैदान त्याच्या तुलनेत किती जास्त जड जातं. स्लोप ५५ ते १५५ मध्ये असतो, ११३ हा प्रमाण आकडा.

समजा तुम्ही ९२ फटके मारले. रेटिंग ७२, स्लोप १२०. ९२ मधून ७२ गेले, राहिले २०. त्याला ११३ ने गुणा, १२० ने भागा. आले १८.८. हा त्या दिवसाचा आकडा. एखाद्या होलवर फारच फजिती झाली, तर तिथले फटके ठराविक मर्यादेपर्यंतच धरतात. एका वाईट घटकेने माणसाचं माप काढत नाहीत.

असे शेवटचे २० आकडे घ्यायचे, त्यातले सर्वात चांगले ८ निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. हाच तुमचा हँडिकॅप इंडेक्स. म्हणजे हा आकडा तुमची ऐपत सांगतो, रोजची सरासरी नाही. जास्तीत जास्त तो ५४ असू शकतो.

आता लावायचा कसा? इंडेक्स १८ असेल आणि मैदानाचा स्लोप १३२, रेटिंग ७३, पार ७२ असेल, तर १८ गुणिले १३२ भागिले ११३, म्हणजे २१. त्यात रेटिंग आणि पारमधला १ मिळवा. झाले २२. सोप्या मैदानावर १८ फटक्यांची सूट मिळाली असती, इथे २२ मिळतात. मैदान जड, तर सूट जास्त. माणूस तोच आहे.

दोघं समोरासमोर खेळत असतील, एकाचा ६ आणि दुसऱ्याचा १८, तर दुसऱ्याला फरकाचे १२ फटके मिळतात. तेही कुठेही नाही, सर्वात कठीण ठरवलेल्या १२ होलवर एकेक.

लबाडी कोणी करत नाही का?

करतात ना! मुद्दाम वाईट खेळून सूट वाढवतात. म्हणून वर्षभरातल्या सर्वात कमी इंडेक्सपेक्षा आकडा ३ ने वर गेला, की पुढची वाढ निम्मीच धरतात. आणि ५ च्या वर तर जाऊच देत नाहीत. आपल्याकडे टार्गेट कमी मिळावं म्हणून पोरं एक महिना हात आखडता घेतात, तसंच हे.

माझ्या दुकानात हे लावलं तर?

नंतर मी जुन्या वह्या काढल्या. बार्शीटाकळीचा गल्ला त्या पोराच्या आधीही २ लाख ४० हजारांचा होता. भर फक्त १० हजारांची. पिंजरचा आधी ९० हजारांचा होता, तिथे भर ६० हजारांची. मी फटके मोजले, मैदान मोजलंच नाही.

त्याला फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, "सर, पैशाचं नाही, सगळ्यांसमोर बोलले ते लागलं." तो परत आला नाही. आज तो अकोल्यात काम करतो.

या आठवड्याचं काम

१. प्रत्येक काउंटरचा मागच्या वर्षीचा त्याच महिन्याचा गल्ला लिहा. ते तुमचं रेटिंग.
२. माणसाचे चांगले महिने बघा, एका वाईट महिन्यावरून शिक्का मारू नका.
३. बोनस वाढीवर द्या, नुसत्या आकड्यावर नाही.
४. आणि तुलना करायचीच असेल, तर आधी वही उघडा, मग तोंड.

तुमच्या दुकानातलं पिंजर कोणतं? कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!