रात्री कोण जागं असतं?

सूर्य मावळला की मध्यम लहरींचा रेडिओ लांबवर ऐकू येऊ लागतो. दिवसा साधारण साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर असतो, तो या लहरी शोषून घेतो. ऊन गेलं की हा थर विरतो, आणि वर गेलेल्या लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झालं ते अशाच लहरींवर. ‘२३९.८ मीटर्स अर्थात १२५१ किलोहर्ट्झ’ हे आकडे आमच्या मुलखातल्या दोन पिढ्यांना पाठ आहेत. त्या आकड्यांवर मी नैमित्तिक उद्घोषक म्हणून रात्रीच्या प्रसारणसभेत बोलत असे. दिवसाच्या कार्यक्रमांना पत्रं यायची ती मिरज, तासगाव, इस्लामपूर, कराडची. रात्रीच्या गाण्यांना घाटाखालून यायची, कर्नाटकातून यायची.

हल्ली मी साताऱ्यात राहते. इथली काही कॉलेजची मुलंमुली माझ्याकडे येतात. त्यांना आपल्या कॉलेजात रेडिओ हवा आहे, आणि त्यावर रात्री उशिरा एकेका विषयाला वाहिलेला गाण्यांचा कार्यक्रम करायचा आहे. येताना याद्या करून आणलेल्या असतात: पावसाची गाणी, चंद्राची गाणी, विरहाची गाणी. मी त्या बाजूला ठेवायला सांगते. रात्री अकरा वाजता तुमच्या गावात कोण कोण जागं असतं, त्यांची यादी आधी करा, म्हणते. रात्रीच्या कार्यक्रमाचा विषय त्या यादीतून निघतो, अशी माझी पक्की समजूत आहे.

सांगली-सातारा या आमच्या दोन जिल्ह्यांत ही यादी भरभर वाढते. शेतीपंपांना वीज पाळीनं मिळते. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन रानात जातो आणि उसाला पाणी देत, दारं धरत उजाडेपर्यंत उभा राहतो. गळीत हंगामात साखर कारखाना चोवीस तास चालू असतो. वजनकाट्यापुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्रभर रांगेत. गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणारा जागा, काहिलीवर नजर ठेवणारा गुळव्या जागा. विट्याच्या यंत्रमागांवर रात्रपाळी. मिरज हे तर दवाखान्यांचं गाव. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून त्या गावात रात्री जागणाऱ्या परिचारिकांची परंपरा आहे. त्याशिवाय मिरज जंक्शनवरचे हमाल, खंबाटकी घाटात गाडी घालण्याआधी चहाला थांबलेले ड्रायव्हर, परीक्षेची पोरं, तान्ह्या बाळाच्या आया, आणि दम्यानं झोप उडालेली म्हातारी माणसं.

यातल्या प्रत्येकाचं ऐकणं निराळं. दारं धरणारा रेडिओ बांधावर ठेवून वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला जातो, तिकडून येईपर्यंत अर्धं गाणं निसटलेलं असतं. म्हणून गाण्याचं नाव आधी सांगायचं तसं संपल्यावरही सांगायचं. शिवाय किती वाजले तेही सांगायचं, कारण लाईट कधी जाणार हा त्याचा हिशेब घड्याळावर चालतो. मागाच्या खडखडाटात शब्द पोचत नाहीत, ठेका आणि वरच्या पट्टीतला सूर तेवढा पोचतो. दवाखान्यात रेडिओ अगदी बारीक केलेला असतो. तिथे एकाएकी उसळणारा वाद्यमेळ लावला की कुणीतरी दचकून जागं होणार. हे सगळं ध्यानात घेऊन गाणी निवडायला बसलं की आपली आवड आपोआप मागच्या बाकावर जाते.

विषयाला वाहिलेला रात्रीचा कार्यक्रम नवा नाही. विविध भारती १९५७ साली सुरू झाली. तिथला रात्री दहाचा ‘छायागीत’ हा उद्घोषकाच्या स्वतःच्या निवडीचा कार्यक्रम. एक कल्पना घ्यायची आणि तिच्याभोवती गाणी गुंफत बोलायचं. मी त्यातून पुष्कळ शिकले. पण त्याच्याही आधीचा नमुना आमच्या मातीतच आहे, आणि मुलांनी तो पाहावा असा माझा आग्रह असतो. गोंधळ रात्रभर चालतो. सुरुवातीला गोंधळी ठिकठिकाणच्या देवांना गावाचं नाव घेऊन बोलावतात, सगळे आले की मग कथा. तमाशाचाही क्रम ठरलेला: गण, गवळण, बतावणी, मग वग. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनी याच चौकटीत आयुष्यभर लिहिलं. रात्र लांब असते, ऐकणारा दमलेला असतो, तरी हा क्रम त्याला पहाटेपर्यंत धरून ठेवतो. का? आधी आवाहन, मग खेळकरपणा, आणि माणसं पुरती रमल्यावर जड विषय. पहिल्याच गाण्याला काळीज चिरणारं काही लावलं तर पुढे जायला जागा उरत नाही.

मी सुरुवातीचं मिनिट गोंधळ्यांच्या पद्धतीनं वापरत असे. विट्याच्या मागवाल्यांनो, कारखान्याच्या काट्यावर थांबलेल्या गाडीवानांनो, मिरजेच्या वॉर्डातल्या ताईंनो, अशी हाक. पत्रांतून दिसायचं की लोक त्या हाकेची वाट बघतात. एखाद्या गावाचं नाव राहिलं की त्या गावचं पोस्टकार्ड हमखास येई.

आता अर्ध्या तासाचं गणित सांगते, कारण ऐकणाऱ्याला ते कधी दिसत नाही. फिरकीची टेप सेकंदाला साडेसात इंच पळायची. सात इंची स्पूलवर बाराशे फूट टेप असली तर ती बत्तीस मिनिटं पुरते. जुन्या ७८च्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. म्हणजे अर्ध्या तासात गाणी सहा, फार तर सात, आणि दोन गाण्यांमधे बोलायला अर्धा-पाऊण मिनिट. क्यू शीट म्हणजे गाण्यांचा क्रम आणि वेळा लिहिलेला कागद. तो भरताना मी शेवटापासून सुरुवात करायची. शेवटचं गाणं ठरवायचं, त्याची मिनिटं-सेकंदं वजा करायची, आणि उलट चालत पहिल्या उद्घोषणेपर्यंत यायचं. पुढचा कार्यक्रम सेकंदावर लागतो. शेवटच्या गाण्याला मधेच फेडर खाली ओढणं मला अपमानासारखं वाटे, गाणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचाही. बोलणं रात्री हळू आणि खालच्या स्वरात. माईकच्या जरा जवळ सरकायचं, कागद टेबलावर सुटे मांडायचे म्हणजे पान उलटल्याचा आवाज होत नाही. आणि गाणं संपल्यावर लगेच तोंड उघडायचं नाही. दोन-तीन सेकंदांची ती शांतता दिवसा रिकामी वाटते, रात्री ऐकणाऱ्याला हवी असते.

एका कार्यक्रमाबद्दल सविस्तर सांगायला हवं. विषय होता मिरज. एकाच गावाचं संगीत. दिसायला सोपा, कारण सामग्री अफाट. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं, आणि तिथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर मिरजेतच १९०५ साली जन्मल्या. ‘पिंजरा’चे संगीतकार राम कदम मिरजेचे. पण हे एका दोऱ्यात कसं ओवायचं? किराणा घराण्याची संथ आलापी आणि १९७२च्या चित्रपटातली ढोलकी शेजारी शेजारी ठेवली तर दोन्हींचं नुकसान. शिवाय प्रहराचा नियम होता. खाँसाहेबांचा भीमपलास कितीही लाडका असला तरी तो दुपारच्या उतरणीचा राग. रात्री अकराच्या सुमाराला तो लावायचा नाही. झिंझोटीतली त्यांची ठुमरी मात्र चालत होती.

उत्तर सापडलं सतारमेकर गल्लीत. मिरजेत तंतुवाद्यं बनवायला लागले ते शिकलगार, म्हणजे मुळात शस्त्रांना धार लावणारे कारागीर. फरीदसाहेब शिकलगारांपासून ही परंपरा सांगतात. वाद्यासाठी भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. कार्यक्रम अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन मी कॅसेट रेकॉर्डरसह एका दुकानात जाऊन बसले. तिथले चाचा तंबोऱ्याची जवारी काढत होते. तारा टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग घासायचा, तार लावायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, छेडून ऐकायचं, पुन्हा तार सोडून घासायचं. मुका आवाज हळूहळू उघडत जातो आणि एका क्षणी तारेतून सुरांचा झोत बाहेर पडतो. ते सगळं मी टेपवर घेतलं आणि दोन गाण्यांच्या मधे ठेवलं. घासण्याचा आवाज, छेडलेली तार, ‘अजून नाही’ असं चाचांचं पुटपुटणं, मग खाँसाहेब. नंतर पुन्हा जवारी, मग हिराबाई. राम कदमांची ढोलकी आली तेव्हा ऐकणारा त्या गल्लीत पुरेसा हिंडलेला होता. ती त्याला त्याच गावातली वाटली.

खाँसाहेबांचा शेवटही मी त्या रात्री सांगितला. १९३७चा ऑक्टोबर. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना छातीत दुखू लागलं, वाटेत सिंगपेरुमाळकोइल या छोट्या स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातलं आणि तिथेच गात, प्रार्थना करत त्यांनी देह ठेवला, असं सांगतात. जंक्शनवरच्या एका हमालाचं त्यानंतर पत्र आलं. रोज रात्री ज्या फलाटावर मी ओझी वाहतो त्याच्याकडे आता निराळ्या नजरेनं बघतो, असं त्यानं लिहिलं होतं. या कामाचं सार्थक मी अशा पत्रांत मोजलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पुन्हा तो कार्यक्रम करावासा वाटला.

कॉलेज रेडिओचं म्हणाल तर अमेरिकेत त्याची सुरुवात वसतिगृहातून झाली. १९३६ साली ब्राऊन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी खोल्याखोल्यांतून तारा ओढून आपलं प्रसारण सुरू केलं. हार्वर्डच्या विद्यार्थी केंद्रावर १९४३मध्ये एका मुलानं परीक्षा संपल्याच्या आनंदात बीथोवनच्या नऊच्या नऊ सिंफनी ओळीनं लावल्या. तेव्हापासून तिथे परीक्षांच्या काळात एकेका विषयाचे कित्येक तासांचे कार्यक्रम होतात. आमच्याकडे तरुणांना माईक दिला तो आकाशवाणीच्या ‘युववाणी’नं, दिल्लीत १९६९ साली, आणि मग ठिकठिकाणच्या केंद्रांनी. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकताना मीही ‘युववाणी’तूनच आत आले. कॉलेजला स्वतःचं केंद्र काढायची वाट पुढे मोकळी झाली: चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र २००४च्या फेब्रुवारीत बोलू लागलं, २००६ साली संस्था-संघटनांनाही परवानगी मिळाली. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८पासून आहे, जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे.

अशा केंद्राचा ट्रान्समीटर साधारण पन्नास वॅटचा, मनोरा तीस मीटरपर्यंतचा, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. ही केंद्रं एफएमवर चालतात, आणि एफएमच्या लहरी मध्यम लहरींसारख्या रात्री दूर जात नाहीत. डोंगर आडवा आला की आवाज खरखरतो, आणि साताऱ्यात तर डोंगरच डोंगर. मुलांना हे ऐकून वाईट वाटतं. मला नाही वाटत. दहा किलोमीटरच्या वर्तुळात रात्री कोण जागं आहे हे चालत जाऊन बघता येतं. सांगलीहून बोलताना ही सोय मला नव्हती.

अडचण वेगळीच आहे. पुष्कळ ठिकाणी रात्र संगणकाच्या हवाली केलेली असते; तो एकामागून एक गाणी लावत राहतो, मधे माणूस नाही, वेळ सांगणारं नाही, हाक नाही. हे मला मनापासून खटकतं. दिवसा ऐकणाऱ्याला सोबत असतेच, ज्याला नसते त्याच्याच वेळेला आपण माणूस काढून घेतो. दुसरी अडचण हक्कांची. चित्रपटातलं गाणं आवडलं म्हणून लावता येत नाही. ध्वनिमुद्रणाचा आणि गीत-संगीताचा असे दोन वेगळे हक्क असतात, त्यांची परवानगी आणि शुल्क लागतं. पण नियमांप्रमाणे निम्मा तरी मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून यायला हवा, आणि ही अट मला वरदान वाटते. पालीच्या खंडोबाचं जागरण, गावोगावची भजनी मंडळं, जात्यावरच्या ओव्या अजून पाठ असलेल्या आज्या. त्यांची संमती घेऊन, त्यांना काही मोबदला देऊन मुद्रण केलं तर वर्षभराचे विषय मिळतात.

साताऱ्याच्या मुलांनी हे मनावर घेतलं आहे. लायसन्स यायला वेळ आहे, तोवर कार्यक्रम मुद्रित करून ठेवायचं चाललंय. पहिला विषय ठरला रात्रपाळी. दोघी जणी विट्याला जाऊन माग चालतानाचा आवाज घेऊन आल्या. त्याची लय मोजून त्या लयीत बसणारी भजनं त्यांनी निवडली, म्हणजे कारखान्यात ऐकताना गाणं आणि माग एकमेकांशी भांडणार नाहीत. हे मला सुचलं नव्हतं.

शेवटाबद्दल मात्र आमचा वाद चालू आहे. त्यांना भैरवी हवी, मैफलीचा तसा रिवाज आहे म्हणून. माझं म्हणणं, रात्रपाळीच्या कार्यक्रमाला भैरवी लावू नये. आपण बारा वाजता माईक बंद करून घरी जाणार. ज्याची पाळी सकाळी सुटते त्याला पुढे सहा तास काढायचे आहेत. त्याच्या हातात चालतं, ठेक्याचं काहीतरी देऊन निघावं. परवा एकानं सुचवलं की भैरवी पहाटे साडेपाचला वेगळी लावू, तेवढ्यासाठी मी उठून येईन. त्याचं नाव मी क्यू शीटवर लिहून ठेवलं आहे.